पेशवा कैदेत, जागा रिकामी : लोणावळ्याची बोलणी, १७१३-१४

इ.स. १७१३. छत्रपती शाहूंचे मुख्य प्रधान बहिरोपंत पिंगळे हे मराठ्यांच्याच आरमारप्रमुखाच्या कैदेत आहेत. कैदेचे ठिकाण म्हणून बहुतेक ग्रंथांत लोहगडाचे नाव येते. मळवली स्थानकावर उतरून दर पावसाळी रविवारी हजारो पर्यटक ज्याच्या विंचूकाट्याकडे धाव घेतात, तोच हा लोहगड. पंतांना पकडणारे सेनानी म्हणजे कान्होजी आंग्रे. आणि याच सुमारास, मावळापासून दोन-तीन मजलांवर, पुण्याजवळच्या मांजरीच्या छावणीत पंतांची जागा दुसऱ्या एका कारकुनाला द्यावी की नाही, यावर खल चालला होता.

तो कारकून म्हणजे बाळाजी विश्वनाथ भट.

पुढील शंभर वर्षांचा इतिहास ज्या नेमणुकीने घडवला, त्या नेमणुकीची ही कथा. ती रणांगणावर घडली नाही. 'पद आधी की काम आधी', 'वेतन कोणत्या स्वरूपात', 'दुसऱ्या धन्याकडे काय मिळते', 'उत्तर येईपर्यंत थांबायचे किती' या प्रश्नांवर ती घडली. नोकरीच्या बोलण्यांत आजही हेच प्रश्न असतात, म्हणून ती बारकाईने वाचण्यासारखी आहे. धागा लांब आहे.

प्रथम वेतनाविषयी. सतराव्या शतकातील मराठी राज्यात नोकरी कशी मिळे आणि पगार कसा ठरे, हे समजल्याशिवाय लोणावळ्याच्या कराराचे महत्त्व ध्यानात येत नाही.

शिवाजी महाराजांचे धोरण स्पष्ट होते. चाकरीचा मोबदला रोख द्यावा, किंवा ठरावीक महसुलावर वरात द्यावी. मुलूख तोडून देऊ नये. सभासदाच्या बखरीत या व्यवस्थेचे आकडेच मिळतात. पागेतील जुमलेदाराला सालिना ५०० होन, हजारीला १००० होन, पंचहजारीला २००० होन. पायदळातील जुमलेदाराला १०० होन, हजारीला ५०० होन. प्रधानमंडळात पेशव्यांची तैनात १५,००० होन, अमात्यांची १२,००० आणि इतरांची १०,००० अशी सांगितली जाते. तळाशी असलेल्या शिपायाचे आकडे ग्रँट डफने नोंदवले आहेत : पायदळातील माणसाला महिना एक ते तीन होन, सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिराला दोन ते पाच, आणि स्वतःचे घोडे-हत्यार आणणाऱ्या शिलेदाराला सहा ते बारा. मावळे पुष्कळदा केवळ पोटापुरत्या धान्यावरही चाकरी पत्करत, असेही तो सांगतो. हे वाक्य सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही भातखाचरांची अरुंद खोरी. तिथल्या धाकट्या मुलाला वाडवडिलांच्या जमिनीवर पोट भरण्याची खात्री नसे. घासाघीस करण्यासाठी पाठीशी काहीतरी असावे लागते, आणि त्याच्यापाशी ते नव्हते.

या भरतीची एक प्रकारची मुलाखतही होती. नवा माणूस ठेवताना त्याची जातीने पारख होई आणि आधीपासून चाकरीत असलेल्या कोणाचा तरी जामीन घेतला जाई. ओळखीच्या माणसाने नाव सुचवणे ही आजची रीत नवी नाही, एवढेच या ठिकाणी म्हणता येईल.

ही घडी १६८९ नंतर विस्कटली. संभाजी महाराजांची हत्या झाली, राजधानी पडली, राजाराम महाराज जिंजीला गेले. तिजोरीत रोकड उरली नाही. औरंगजेब मात्र मनसबी आणि वतने वाटत होता. मावळातील आणि घाटमाथ्यावरील देशमुखांपुढे एकाच वेळी दोन धन्यांचे देकार होते. त्यांना राखायचे तर छत्रपतींकडेही देण्यासारखे एकच उरले होते : वतनाचे आणि मुलुखाचे वचन. 'मुलूख सोडवा, तो तुमच्याकडे चालवू' या अर्थाची पत्रे या काळात सुटली. ही पत्रे म्हणजे अशा वेतनाची हमी होती, जे चाकरानेच शत्रूकडून वसूल करून घ्यायचे होते. रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांनी याच साधनाने राज्य तगवले. पर्याय नव्हता. पण रोख वेतनाकडून मुलुखाकडे वळलेली ही वाट पुन्हा मागे फिरली नाही.

मे १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या ताब्यातून सुटून आले. त्याच वर्षी खेड येथे ताराबाईंच्या फौजेशी लढाई झाली आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला. मात्र राज्याभिषेकाने तिजोरी भरत नसते. आता मराठी राज्यातच दोन गाद्या झाल्या, आणि प्रत्येक सरदाराच्या हाती मोलभाव करण्याचे साधन आले. आज साताऱ्याचा चाकर, उद्या कोल्हापूरचा. सेनापती चंद्रसेन जाधवांनी १७११ मध्ये शाहूंचा पक्ष सोडला. दमाजी थोरात, कृष्णराव खटावकर यांनी आपापले स्वतंत्र उद्योग मांडले. यांना सरसकट फितूर म्हणण्याची सवय आहे. पण धनी कोण हेच जिथे ठरलेले नाही, तिथे निष्ठेचे माप कोणत्या तागडीत घालायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

आता कान्होजींकडे वळू.

कान्होजी आंग्रे सुवर्णदुर्गाच्या परिसरात, सिधोजी गुजरांच्या हाताखाली वाढले. मोगली आक्रमणात किनारा सांभाळून त्यांनी आरमार उभे ठेवले. 'सरखेल' हा किताब त्यांना मिळाला तो ताराबाईंच्या पक्षाकडून. शाहू परतल्यावरही ते त्याच पक्षात राहिले. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांची जहाजे पकडली आणि १७१३ मध्ये त्यांच्याशी तह केला. समुद्राची बाजू अशी काही काळ शांत झाल्यावर त्यांनी घाट चढला. राजमाची आणि लोहगड त्यांच्या हाती आले.

नकाशा उघडून पाहावा. कल्याण-पनवेलकडून देशावर येणारा बोरघाटाचा मार्ग खंडाळ्यापाशी माथ्यावर येतो. उत्तरेला राजमाची, श्रीवर्धन आणि मनरंजन हे तिचे दोन बालेकिल्ले घाटावर डोळा ठेवून उभे. पूर्वेला लोहगड आणि त्याला चिकटून विसापूर. तिथून इंद्रायणीचे आणि पवनेचे खोरे पायाखाली येते. हे दोन किल्ले एका हातात आले, की कोकणातून देशावर जाणारे मीठ, कापड आणि जकात त्याच हातात येते, आणि पुण्याची वाट मोकळी होते. दर्यावरचा सरदार आता साताऱ्यावर चालून येणार, अशी हूल उठली. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले. पंतांचा पराभव झाला आणि ते पकडले गेले.

बहिरोपंत म्हणजे शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांचे पुत्र. पेशवेपद या घरात जवळजवळ परंपरेने चालत आले होते. आणि आता त्या घरातला माणूस कैदेत होता, राजाकडे पाठवायला फौज नव्हती, आणि फौजेला द्यायला पैसा नव्हता.

शाहूंच्या दरबारात एकच माणूस असा होता, जो पैसा आणि माणसे दोन्ही उभी करू शकत असे. बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे. त्यांच्या घराकडे तिथली देशमुखी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीचा रोष झाल्यामुळे या घराला कोकण सोडावे लागले. आंग्रे पक्षाशी संधान असल्याचा संशय हे त्याचे कारण, असे परंपरा सांगते. देशावर येऊन ते रामचंद्रपंतांच्या कारभारात शिरले, पुण्याचे सरसुभेदार झाले, नंतर दौलताबादकडेही राहिले. १७११ मध्ये चंद्रसेन जाधव फुटल्यावर शाहूंनी त्यांना 'सेनाकर्ते' हे पद दिले. नाव सेनाकर्ते, पण सेना मिळाली नाही. ती स्वतःच उभी करायची होती. ती त्यांनी सावकारांकडून कर्ज काढून केली. म्हणजे १७१३ मध्ये ते दोन वर्षे मोठे काम करत होते, जबाबदारी प्रधानाची होती, जोखीम स्वतःच्या पतीवर होती, आणि प्रधानपद मात्र नव्हते.

अशा माणसाला राजा सांगतो : आंग्र्यांकडे जा, आणि हे प्रकरण मिटव.

येथे इतिहासकारांत एक मतभेद आहे, आणि सारी गोष्ट त्यावर अवलंबून आहे. ग्रँट डफचा ग्रंथ १८२६ चा. त्याने दिलेला क्रम असा : बाळाजी कान्होजींकडे गेले, तह केला, परतल्यावर त्यांचा मोठा सन्मान झाला, आणि बहिरोपंत सपशेल अपयशी ठरल्यामुळे त्यांना दूर करून पेशवेपद बाळाजींना मिळाले. म्हणजे पेशवेपद हे बक्षीस. पुढे मराठी कागदपत्रांच्या आधारे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी मांडलेला क्रम याच्या उलट आहे. पेशवेपदाची वस्त्रे १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरीच्या मुक्कामी मिळाली. कान्होजींची भेट आणि करार त्यानंतर, १७१४ च्या आरंभी. म्हणजे पेशवेपद बक्षीस नव्हते, ती पूर्वअट होती.

तारखांतील हा फरक किरकोळ वाटेल. तो तसा नाही. बक्षीस मिळालेला माणूस कृतज्ञ असतो. अट घालून पद घेतलेल्या माणसाला आपली किंमत ठाऊक असते. डफच्या क्रमात बाळाजी हे कर्तबगार सेवक दिसतात. सरदेसाईंच्या क्रमात ते कर्तबगार तर दिसतातच, शिवाय नोकरीच्या बोलण्यांत निष्णातही दिसतात.

आणि त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. कान्होजी हे सरखेल, किल्ल्यांचे धनी, स्वतःच्या आरमाराचे मालक. त्यांच्याशी बोलणी करायला जाणाऱ्याचा शब्द राज्याचा शब्द मानला गेला पाहिजे. 'धन्यास विचारून कळवतो' असे म्हणणाऱ्या वकिलाला कान्होजींनी चहूकडून फिरवले असते. अधिकार हाती असल्याशिवाय वचन देता येत नाही आणि वचन दिल्याशिवाय आंग्रे वळत नाहीत. काम करून घ्यायचे असेल तर पद आधी द्या.

शाहूंनी तत्काळ होकार दिला नाही, असे दिसते. का देतील? पेशवा जिवंत होता. त्याने राजद्रोह केला नव्हता. राजाच्या आज्ञेने लढायला गेला आणि हरला, एवढाच त्याचा अपराध. कैदेतल्या सेवकाचे पद दुसऱ्याला देणे म्हणजे उरलेल्या सगळ्या सेवकांना एक संदेश देणे होय, आणि हा संदेश कोणत्याही दरबारात गोड वाटत नाही. दुसरीकडे, पद न दिले तर पंत सुटण्याचीच शक्यता कमी होती. ज्याची जागा जायची, त्याची सुटका जागा गेल्यानेच शक्य होणार होती. या पेचात शाहूंनी बाळाजींच्या बाजूने निर्णय केला. वस्त्रे दिली, शिक्के दिले. अंबाजी त्र्यंबक पुरंदरे मुतालिक झाले आणि फडणिशी भानू घराण्याकडे आली. पंतांचा विचार त्यात कितपत झाला असेल, हे ज्याने त्याने ठरवावे.

मांजरीहून नवे पेशवे फौज घेऊन मावळात आले. लढाईसाठी ती पुरेशी नव्हती आणि लढण्याचा हेतूही नव्हता. पण रिकाम्या हाताने बोलणी होत नाहीत. भेट लोणावळ्याजवळ वलवण येथे झाली, असे मानले जाते. आज टाटांच्या धरणामुळे हे नाव पुणे-मुंबई प्रवाशांच्या कानावरून जाते. द्रुतगती मार्गावरून जाताना ते किती जणांच्या लक्षात येते, हा प्रश्न निराळा.

बोलण्यांत दोन्ही पक्षांच्या हाती काय होते?

कान्होजींकडे आरमार, किल्ले, पैसा, दोन मोक्याचे घाटकिल्ले आणि एक कैदी पेशवा. शिवाय दुसरा धनी तयार : कोल्हापूर. वरवर पाहता त्यांना कशाचीच गरज नव्हती. पण त्यांच्या भोवतीही पाहिले पाहिजे. दक्षिणेस आणि समोर सिद्दी, उत्तरेस मुंबईकर इंग्रज, मधे चौल-वसईचे पोर्तुगीज. या तिघांशी एकाच वेळी लढताना पाठीशी असलेला देश शत्रूच्या हाती असणे परवडणारे नव्हते. कोल्हापूर लांब होते आणि आतून दुबळे झाले होते. त्याच वर्षी तिथे ताराबाईंनाच सत्तेवरून दूर व्हावे लागले. त्या धन्याचा किताब मिरवता येत होता, पण संकटकाळी त्याच्याकडून कुमक येण्याची आशा नव्हती. लोहगड जिंकता येतो. दर्यावरच्या माणसांनी तो वर्षानुवर्षे राखणे वेगळे. सिद्दीशी गाठ पडली की माणसे किनाऱ्यावर हवीत, घाटमाथ्यावर नकोत.

शाहूंकडे पैसा नव्हता, आरमार नव्हते. एक गोष्ट होती, आणि ती दुसऱ्या कोणाकडे नव्हती : संभाजी महाराजांचा थोरला पुत्र म्हणून गादीवरचा हक्क. त्यांनी दिलेला किताब पुढच्या पिढीतही चालणार, अशी खात्री १७१३ मध्ये हळूहळू वाटू लागली होती.

आणि बाळाजींकडे होता सिद्दी. म्हणजे सिद्दीचे वैर. दोघेही कोकणचे, दोघांचाही शत्रू एक, एकाला त्या शत्रूमुळे घर सोडावे लागलेले. पहिल्या भेटीत विश्वास बसण्यासाठी याहून चांगली ओळख मिळणे कठीण.

करार ठरला तो असा. कान्होजींनी कोल्हापूरचा पक्ष सोडावा. बहिरोपंतांस मुक्त करावे. राजमाची वगळून घाटावर जिंकलेले सर्व काही परत करावे. मोबदल्यात त्यांना दहा मोठे किल्ले आणि सोळा लहान ठाणी, त्यांखालील गावांसह, मिळावीत. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड अशी बिनीची नावे त्यांत आहेत. आरमाराचा अधिकार आणि सरखेल हा किताब कायम.

ही यादी नीट वाचली की तिच्यातील मौज कळते. शाहूंनी जे दिले त्यातील बहुतेक आधीपासून कान्होजींच्याच ताब्यात होते. नव्या धन्याने दिलेले वेतन म्हणजे चाकराच्या खिशात असलेल्या पैशावर मारलेला शिक्का! आणि जी काही ठाणी कान्होजींच्या ताब्यात नव्हती, ती सिद्दीकडे होती. काही तर वीस वर्षे. म्हणजे उरलेले वेतन तिसऱ्याकडून वसूल करायचे. जिंजीच्या काळातील वचनपत्रांचीच ही सुधारलेली आवृत्ती. फरक एवढाच, की या वेळी वसुलीला पेशव्यांनी मदत केली. सिद्दीशी संघर्ष झाला आणि १७१५ च्या आरंभी त्याला तह करावा लागला.

मग कान्होजी फसले का? मुळीच नाही. ताबा आणि हक्क यांत अंतर असते. ताबा रोज राखावा लागतो. हक्क नातवाला सांगता येतो. कोल्हापूरचा सरखेल आणि साताऱ्याचा सरखेल यांत किताब एकच होता, पण पाठीशी उभे राहणारे राज्य वेगळे होते. कराराचा खरा लाभ शाहूंपेक्षाही कान्होजींना अधिक झाला, असे म्हणण्यास जागा आहे. पुढील पंधरा वर्षे इंग्रज, पोर्तुगीज यांच्या मोहिमा त्यांनी परतवल्या, त्या पाठीमागे घाट निर्धास्त असल्यामुळेच.

आणि राजमाची? संपूर्ण करारात तेवढा एक घाटकिल्ला आंग्र्यांकडे राहिला. कान्होजींनी लोहगड सोडला, पण बोरघाटावरची टेहळणी सोडली नाही. विश्वास ठेवला, तरी खिडकी उघडी ठेवली.

हा करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोच कोल्हापूरच्या बाजूला 'आज्ञापत्र' लिहिले गेले. कर्ते रामचंद्रपंत अमात्य. हेच बाळाजींचे जुने वरिष्ठ. वतनदारांना राज्याचे वाटेकरी होऊ देण्यातील धोका या ग्रंथात कठोरपणे सांगितला आहे. आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराचा तनखा मुलुखाच्या महसुलातून नेमून द्यावा, बंदरांच्या उत्पन्नावर सोडू नये, नाहीतर व्यापाऱ्यांना उपद्रव होऊन सावकारी बुडते, असा त्यातील विचार. अमात्यांच्या नजरेसमोर कान्होजी होते की नाही, हे सांगता येत नाही. परंतु वेतन राज्याने द्यावे, चाकराने ते स्वतः मिळवू नये, हे शिवकालीन सूत्र ते पुन्हा लिहीत होते, आणि त्याच वेळी राज्य उलट दिशेने निघाले होते. ज्यांनी जिंजीच्या काळात स्वतः वतनांची वचने दिली, त्यांनीच उतारवयात हे लिहावे, यात विसंगती आहे. पण ती अनुभवाची विसंगती आहे.

लोणावळ्याचा नमुना चालला. सरदाराने मुलूख मिळवावा, त्यातील ठरावीक भाग छत्रपतींना द्यावा, उरलेल्यात फौज पोसावी. १७१९ मध्ये बाळाजींनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तेव्हा या पद्धतीला व्यापक रूप आले. मावळातच त्याचे दुसरे उदाहरण आहे. तळेगावचे खंडेराव दाभाडे १७१७ मध्ये सेनापती झाले आणि गुजरात हा त्यांच्या घराचा उद्योग बनला. पुढे त्या उत्पन्नात पेशव्यांनी वाटा मागितला. वेतन जर मुलूख असेल, तर वेतनावरचा वाद रणांगणावरच सुटणार. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला तो सुटला, त्र्यंबकराव दाभाड्यांच्या मृत्यूने.

बाळाजींच्या घरालाही एकदा वाट पाहावी लागली. २ एप्रिल १७२० रोजी सासवडला बाळाजी वारले. बाजीराव तेव्हा पुरते वीस वर्षांचेही नव्हते. पद वंशपरंपरेने मिळावे असा नियम नव्हता. उलट पिंगळ्यांच्या घरातून ते काढून घेताना बाळाजींच्याच उदाहरणाने तो मोडला होता. दरबारात अनुभवी माणसे होती आणि तरुणाला विरोधही होता. निर्णय व्हायला पंधरा दिवस लागले. १७ एप्रिलला मसूरच्या मुक्कामी वस्त्रे मिळाली. इतिहासग्रंथांत या पंधरा दिवसांना एखादे वाक्य मिळते. ज्याच्या डोक्यावर बापाने काढलेले कर्ज आहे आणि ज्याला अजून उत्तर आलेले नाही, त्याला ते पंधरा दिवस केवढे वाटले असतील!

बहिरोपंत पिंगळे करारानुसार सुटले. गडावरून उतरले तेव्हा ते पेशवे नव्हते. पेशवेपद त्यांच्या घरात पुन्हा आले नाही.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. मुलांत फूट पडली, आणि १७१४ मध्ये दोन माणसांच्या परस्पर विश्वासावर टिकलेला करार दोन घराण्यांच्या संशयात विरत गेला. १७५६ मध्ये बाळाजींच्या नातवाने, नानासाहेब पेशव्यांनी, इंग्रजांच्या साहाय्याने विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचा पराभव केला. आंग्र्यांचे आरमार तिथे जळाले. दहा मोठ्या किल्ल्यांच्या यादीत विजयदुर्ग होताच.

राजमाची त्याआधीच गेली होती. कान्होजींच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १७३० मध्ये, ती बाजीरावांच्या ताब्यात आली.